पातळी जुळली, पण वय?

राजुरा तालुक्यात वर्धा नदीच्या बाजूला सास्तीसारख्या कोळशाच्या खाणी आहेत, तर परिसरात चुनखडीचे खडकही आहेत. खाण कोरडी ठेवण्यासाठी पाणी सतत उपसावे लागते. त्याचा आसपासच्या विहिरींवर काय परिणाम होईल, याचा अंदाज भूजलप्रवाहाच्या गणिती प्रतिकृतीवरून बांधता येतो. प्रतिकृतीतील पाणीपातळी विहिरीत मोजलेल्या पातळीशी जुळली की ती विश्वासार्ह मानायची, अशी रूढ पद्धत आहे. आमचा आक्षेप या पद्धतीच्या अपुरेपणाला आहे.

मुरणारे पाणी दुप्पट धरा आणि खडकाची पाणी वाहू देण्याची क्षमताही दुप्पट धरा. स्थिर प्रवाहात पातळी तीच येते! म्हणजे पातळीवरून दोहोंचे गुणोत्तर कळते, प्रत्येकाची किंमत नव्हे. येथे पाण्याचे वय उपयोगी पडते. समजा, ५० मीटर जाडीच्या वालुकाश्मात २० टक्के पोकळी आहे. म्हणजे १० मीटर पाणी. वर्षाला १०० मिलिमीटर मुरले, तर पाण्याचे सरासरी वय १०० वर्षे. २०० मिलिमीटर मुरले, तर ५०. पातळी तीच, वय निम्मे.

पण वयाचा आकडाही पारखून घ्यावा. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५७३० वर्षे आहे. चुनखडीतील कार्बन इतका जुना, की त्यात कार्बन-१४ उरलेलाच नसतो. पाण्यातील निम्मा कार्बन दगडातून आला असेल, तर नुकतेच मुरलेले पाणीही ५७३० वर्षांचे भासेल! असा आकडा प्रतिकृतीत घातला, तर पाणी जवळजवळ मुरतच नाही, असा निष्कर्ष निघेल. शिवाय खोल विंधनविहिरीत नवेजुने पाणी मिसळते. आजोबा आणि नातू यांच्या वयांची सरासरी घरातल्या कोणाचेच वय नसते.

विहीर कशाने आटली, उपशाने की कमी पावसाने, हे ठरवताना अशा प्रतिकृतींचा आधार घेतला जातो. म्हणून पातळी आणि वय दोन्ही तपासावीत, आणि वय कसे काढले तेही विचारावे.

वर्गात हे दाखवता येईल. दोन सारख्या बादल्यांना तळाशी भोके पाडा. एकीला एक, दुसरीला तशीच दोन. दुसरीत नळाची धार दुप्पट ठेवा. पातळी सारखी राहील. आता दोन्हींत शाई टाका. कोणते पाणी आधी स्वच्छ होते, ते मुलांनाच सांगू द्या.