शिक्षेचा तराजू आणि रिकामे पारडे : 2009 मधील दोन निकालांची चिकित्सा

आरोपी दोषी ठरला की न्यायालयापुढे दुसरा प्रश्न उभा राहतो : शिक्षा किती? या टिपणात आपण हा प्रश्न मृत्युदंडाच्या खटल्यांपुरता पाहू. गुन्ह्याची तीव्रता वाढवणारी आणि शिक्षा सौम्य करणारी परिस्थिती तोलण्याची पद्धत तिथेच सर्वांत तपशिलाने घडली आहे. मी अभियांत्रिकी शिकवतो. कोणी मोजमापाचा दावा केला की एकक कोणते आणि नोंदी कोणी घेतल्या, हे मी आधी विचारतो. इथेही तेच विचारू.

चौकट

1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 354(3) नुसार मृत्युदंड द्यायचा तर 'विशेष कारणे' नोंदवावी लागत. आज हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 393(3) मध्ये आहे. बच्चनसिंग निकालाने (1980) मृत्युदंड वैध ठरवला, पण तो दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणांपुरताच. गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहायचा : त्याचे वय, मानसिक अवस्था, सुधारण्याची शक्यता. आरोपी सुधारणार नाही, हे पुराव्याने दाखवण्याची जबाबदारी सरकारवर आहे. मच्छीसिंग निकालाने (1983) दोन्ही बाजूंचा ताळेबंद मांडायला सांगितले.

तेरा दिवस, दोन निकाल

जून 2003 मध्ये नाशिकजवळ दरोडा, बलात्कार आणि पाच जणांची हत्या अशी भीषण घटना घडली. सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2009 रोजी पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. या निकालाला 1996 च्या रावजी निकालाचा आधार होता, आणि रावजीचा भर गुन्हेगारावर नसून गुन्ह्याच्या स्वरूपावर होता.

त्यानंतर तेराच दिवसांनी, 13 मे 2009 रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने बरियार विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल दिला. पुण्यातील या प्रकरणात खंडणीसाठी मित्राचे अपहरण आणि खून झाला होता व मृतदेहाचे तुकडे करण्यात आले होते. तरीही न्यायालयाने फाशीऐवजी जन्मठेप दिली. दोषसिद्धी मुख्यतः माफीच्या साक्षीदारावर उभी होती, आरोपी सराईत मारेकरी नव्हते आणि ते सुधारणार नाहीत हे सिद्ध झालेले नव्हते. रावजी निकाल बच्चनसिंगशी विसंगत असल्याचेही याच निकालाने स्पष्ट सांगितले.

नाशिक खटल्याचे पुढे काय झाले? सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे 2012 मध्ये निष्पन्न झाले. 5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते, आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता. आरोपी भटक्या जमातीतील गरीब मजूर होते. ते निर्दोष ठरले असल्याने त्यांची नावे इथे देत नाही.

चिकित्सा

पहिला आक्षेप एककाचा. क्रौर्य आणि सुधारण्याची शक्यता या दोन वेगळ्या जातीच्या राशी आहेत. किलोग्रॅममधून मीटर वजा होत नाहीत. संगीत विरुद्ध हरियाणा (2012) निकालाने ताळेबंदाच्या कल्पनेवर असाच आक्षेप घेतला. पुढच्याच वर्षी शंकर किसनराव खाडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात 'गुन्हा कसोटी' शंभर टक्के आणि 'गुन्हेगार कसोटी' शून्य टक्के हवी, अशी भाषा आली. आकडे आले तरी मोजपट्टी काही आली नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. एक पारडे आपोआप भरते : पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, छायाचित्रे हे सारे पोलीस यंत्रणा गोळा करतेच. दुसऱ्या पारड्यात टाकायचे शाळेचे दाखले, घरची परिस्थिती, आजारपण, तुरुंगातील वर्तन हे शोधून आणणारे कोणी नसते. मग 'सौम्य करणारी परिस्थिती नाही' या वाक्याचा खरा अर्थ 'ती कोणी शोधली नाही' एवढाच असू शकतो. वय तर एका कागदाने ठरणारी गोष्ट. तीही तीन न्यायालयांतून निसटली. शिवाय पुरावाच कच्चा असेल, तर भरलेले दिसणारे पारडेही फसवे ठरते.

पीडित कुटुंबाचे दुःख या मांडणीत हलके होत नाही का? प्रश्न रास्त आहे. पण नाशिकच्या कुटुंबाला सोळा वर्षांनी काय मिळाले? चुकीचे आरोपी, आणि खरे गुन्हेगार मोकळेच. घाईच्या शिक्षेने त्या कुटुंबालाही न्याय दिला नाही.

मनोज विरुद्ध मध्य प्रदेश (2022) निकालाने ही उणीव ओळखली. आरोपीची पार्श्वभूमी आणि मानसिक स्थिती यांची माहिती सरकारने सत्र न्यायालयाच्या टप्प्यावरच सादर करावी, असे त्यात म्हटले आहे. माझ्या मते ही सुधारणा कोणत्याही नव्या कसोटीपेक्षा मोलाची आहे, कारण ती तराजूआधी पारड्यांकडे पाहते. शिक्षेचा कोणताही निकाल वाचताना न्यायालयाने काय तोलले हे पाहाच. पण त्याच्यापुढे काय आलेच नाही, तेही शोधा.

चर्चेसाठी प्रश्न

1. पुरावा मुख्यतः माफीच्या साक्षीदाराचा असेल, तर त्याचा परिणाम फक्त दोषसिद्धीवर व्हावा की शिक्षेवरही?
2. दोषसिद्धीच्याच दिवशी शिक्षेची सुनावणी झाली, तर दुसरे पारडे भरण्यास पुरेसा वेळ मिळतो का?