संप्रेरक म्हणजे इंधन नव्हे

शिरूर तालुक्यातील कारेगाव हे रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीलगतचे गाव. बाहेरगावाहून कामाला आलेले तरुण येथे भाड्याच्या खोल्यांत राहतात, पाळ्यांमध्ये काम करतात. अशा गावांच्या भिंतींवर, एस.टी.च्या थांब्यांवर आणि आता मोबाइलवरही एक मजकूर हमखास भेटतो: मर्दानी ताकद, गेलेले तारुण्य परत, खात्रीचा इलाज. पूर्वी त्यात जडीबुटीचे नाव असे, आता टेस्टोस्टेरॉनचे असते. आपले विद्यार्थीही तो वाचतात. कवितेचे रसग्रहण आपण वर्गात करतो, मग या मजकुराचे परीक्षण का करू नये?

टेस्टोस्टेरॉनचा पुरुषाच्या कामेच्छेशी संबंध आहे, हा त्यातला पहिला दावा. तो खरा आहे, आणि तो खरा असल्यामुळेच पुढचे सारे खपते. खोंड खच्ची केला की त्याचा स्वभाव पालटतो, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. १८४९ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे बर्थोल्ड यांनी कोवळ्या कोंबड्यांची वृषणे काढली आणि काहींच्या पोटात ती पुन्हा बसवली. या कोंबड्यांचा तुरा वाढला, ते आरवले, झुंजले, कोंबड्यांच्या माद्यांमागे धावले. वृषणांचा मज्जातंतूंशी असलेला जुना संबंध तुटलेला होता, तेव्हा काहीतरी रक्तावाटे जात असले पाहिजे. १९३५ मध्ये हा पदार्थ शुद्ध स्वरूपात हाती आला आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयारही झाला.

दुसरा दावा लिहिलेला नसतो, गृहीत धरलेला असतो: संप्रेरक जितके जास्त तितकी इच्छा जास्त. येथे मजकूर घसरतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २० ते ५० वर्षांच्या निरोगी पुरुषांचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन औषधाने थांबवून त्यांना ते वेगवेगळ्या मात्रांत बाहेरून दिले. मात्रा अपुरी पडली तेव्हा इच्छा मंदावली. शरीर टेस्टोस्टेरॉनपासून थोडे इस्ट्रोजेनही बनवते. ते बनणे रोखले, तेव्हाही इच्छा घटली! ज्याला आपण ‘स्त्रीचे संप्रेरक’ म्हणतो, त्याचा पुरुषाच्या इच्छेत असा वाटा आहे.

मग बाहेरून दिल्याने काहीच होत नाही का? होते, पण कमतरता असेल तर. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६५ वर्षांवरील, पातळी कमी असलेल्या ७९० पुरुषांपैकी काहींना वर्षभर टेस्टोस्टेरॉनचा मलम दिला, काहींना नुसताच मलम. औषध मिळालेल्यांची कामेच्छा बेताने वाढली, उत्साहात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. ‘गेलेले तारुण्य’ ते हे एवढेच.

आता मजकुरात जे नसते ते पाहू. मेंदूतील अधश्चेतक आणि त्याखालची पियूषिका ग्रंथी रक्तातील टेस्टोस्टेरॉनवर सतत नजर ठेवून असतात. बाहेरून भर पडली की पियूषिका वृषणांना पाठवायचे संदेश आवरते. वृषणांतले उत्पादन बसते आणि त्याबरोबर शुक्राणू बनणेही. जागतिक आरोग्य संघटनेने तर हाच गुण संततिनियमनासाठी तपासला होता. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ७ देशांतील २७१ पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिले. त्यांपैकी १५७ जणांच्या वीर्यात शुक्राणू उरले नाहीत. म्हणजे मूल होत नाही म्हणून जो तरुण ‘ताकदीचे’ इंजेक्शन घेईल, तो स्वतःच्या हाताने दार लावून घेईल. औषध थांबवल्यावर ते दार बहुधा उघडते, पण त्याला महिने लागतात.

याचा अर्थ हे औषध विष आहे असा नव्हे. २०२३ च्या एका मोठ्या चाचणीत पातळी कमी असलेल्या सुमारे ५,२०० पुरुषांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसातील गुठळ्या मात्र थोड्या अधिक दिसल्या. गरज आहे की नाही हे सकाळच्या रक्ततपासणीवरून, तीही दोनदा करून, लक्षणांसह डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

लैंगिक सामर्थ्य वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई केली. तरी भिंती रंगतच राहिल्या, कारण त्यांचे गिऱ्हाईक भीतीतून तयार होते. वीर्य गेले की शक्ती गेली, या समजुतीने खचणाऱ्या तरुणांच्या दुखण्याला मनोविकारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले. तशा तरुणाला संप्रेरकाची नव्हे, माहितीची गरज असते. शिकागोतील २०११ च्या एका छोट्या अभ्यासात १० तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले, तर त्यांची दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी उतरली. रात्रपाळी करून थकलेल्याने आधी आपली झोप मोजावी.

ग्रंथी, संप्रेरक, कार्य असा तीन रकान्यांचा तक्ता आपण फळ्यावर काढतो. त्यात ‘नियंत्रण कोणाचे?’ हा चौथा रकाना जोडावा, अशी आमची सूचना आहे. तो ज्याने भरला असेल, त्याला भिंतीवरच्या मजकुरातली उणीव आपण होऊन दिसेल.