विधी अभ्यासक्रमासाठी अपेक्षित पूर्वतयारी : एक चिकित्सा

प्रस्तावना :
विधी महाविद्यालयात प्रवेश देताना विद्यार्थ्याची कोणती शैक्षणिक तयारी तपासली जाते आणि प्रत्यक्ष अभ्यासक्रम त्याच्याकडून कोणती तयारी मागतो, या दोहोंतील अंतराची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारावी व तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवी ही अर्हता आहे. खुल्या प्रवर्गास किमान ४५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींस ४० टक्के गुण आवश्यक आहेत. विद्याशाखेचे बंधन नाही, हे स्वागतार्ह होय. तथापि विद्यार्थी दीर्घ मजकूर सलग वाचू शकतो काय, युक्तिवाद लिहू शकतो काय, हे टक्केवारीवरून कळत नाही.

महाराष्ट्रात २०१६ पासून घेतल्या जाणाऱ्या सामाईक प्रवेश परीक्षेनेही ही उणीव भरून निघालेली नाही, कारण ती बहुपर्यायी आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या 'क्लॅट'ने २०२० पासून उताऱ्यांवर आधारित प्रश्न स्वीकारून वाचनास महत्त्व दिले. परंतु पदवी प्रवेशासाठी लेखनाची कसोटी तेथेही नाही. याउलट, करार कायद्यातील एखाद्या समस्येचे उत्तर लिहिताना विद्यार्थ्यास वस्तुस्थिती, वादमुद्दा, नियम व निष्कर्ष यांची संगती स्वतः लावावी लागते. पर्याय निवडण्याचा सराव येथे अपुरा पडतो.

भाषेचा प्रश्न याहून गंभीर आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मुळे वरिष्ठ न्यायालयांचे निर्णय प्रामुख्याने इंग्रजीत असतात. मात्र राज्यातील जिल्हा व दुय्यम न्यायालयांची भाषा सर्वसाधारणपणे मराठी आहे. साहजिकच येथील वकिलास दोन्ही भाषा आवश्यक ठरतात. असे असूनही राज्याच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजीचा स्वतंत्र विभाग आहे, मराठीचा नाही. परिणामी, मराठी माध्यमातील विद्यार्थी 'कच्चा' ठरतो आणि ज्याला मराठी दस्तऐवज वाचता येत नाही, त्याची उणीव नोंदलीच जात नाही.

निष्कर्ष :
किमान गुणांची अट वाढविणे हा यावरील उपाय नव्हे. त्यामुळे ग्रामीण व वंचित विद्यार्थ्यांचाच मार्ग रोखला जाईल. त्याऐवजी प्रथम सत्रात दर आठवड्यास एका न्यायनिर्णयाचे वाचन, त्याचा एक पानी सारांश आणि प्राध्यापकांनी केलेली दुरुस्ती, असा उपक्रम दोन्ही भाषांत राबवावा. जी तयारी आपण प्रवेशाच्या वेळी तपासत नाही, तिच्या अभावाचा दोष पुढे विद्यार्थ्यावर ठेवणे न्यायाचे ठरणार नाही.