आत्मचित्रातील हात : कर्ता की कर्म?

चित्रातील हातांविषयी लिहिताना समीक्षक बहुधा कोशकाराची भूमिका घेतात. वर उचललेली दोन बोटे म्हणजे आशीर्वाद, जोडलेले तळवे म्हणजे प्रार्थना, छातीवरील पंजा म्हणजे निष्ठा. धर्मचित्रांपुरती ही पद्धत निभावते. अभय, वरद या मुद्रा ओळखणाऱ्या मराठी वाचकास ती परकीही वाटणार नाही. आत्मचित्रापाशी मात्र ती अपुरी पडते. तेथे रंगविणारा हात हा कर्ता असतो आणि तोच चित्रात आला की कर्मही होतो. आरशासमोर बसलेल्या चित्रकारास चेहरा स्थिर ठेवता येतो; काम करणारा हात ठेवता येत नाही.

म्यूनिक येथील, १५०० मधील आत्मचित्रात ड्यूररचा हात अंगरख्याच्या केसाळ कातडी काठावर टेकला आहे. ही ठेवण ख्रिस्तमूर्तीची आठवण देते, हे खरेच. पण शेजारच्या लॅटिन लेखातील क्रियापद त्याहून बोलके आहे. ‘एफिंगेबाम’ हे अपूर्ण भूतकाळाचे रूप होय : ‘रेखाटले’ नव्हे, ‘रेखाटीत होतो’. ग्रीक कलावंत अशाच अपूर्ण क्रियापदाने सही करीत, असे प्लिनीने नोंदविले आहे. लेख म्हणतो, काम चालू आहे. हात मात्र स्वस्थ, कुंचल्यावाचून.

पार्मिजानीनोने १५२४ च्या सुमारास बहिर्वक्र आरशातील आपले रूप लाकडाच्या फुगीर तबकडीवर रंगविले. आरशाच्या वक्रतेने फुगलेला हात पुढे येऊन चित्राचा सारा तळ व्यापतो. वासारी त्यास रेखाटणारा हात म्हणतो. पण त्या हातात काहीच नाही. चरित्रकाराने क्रिया पाहिली, चित्रात ती नाही.

हा पेच रेम्ब्रांटइतका उघड कोणी केला नसेल. लंडनच्या केनवुड येथील, सुमारे १६६५ च्या आत्मचित्राच्या क्ष-किरण तपासणीत आधीची आखणी दिसून आली : कुंचला धरलेला हात आरशात दिसावा तसा, म्हणजे चित्रातील मूर्तीच्या डाव्या बाजूस, रंगविण्यात गुंतलेला होता. पुढे त्याने तो बदलला. आता त्या बाजूस पॅलेट, कुंचले आणि हात टेकण्याची काठी आहे, व ती धरणारा हात म्हणजे रंगाचे काही जाड फटकारे. बोटे निराळी काढलेलीच नाहीत. याला म्हातारपणीची घाई किंवा अपुरे काम म्हणणे सोयीचे असले, तरी त्याच पटावरील चेहरा किती सावकाश, थरावर थर देत घडविला आहे हे पाहता ते पटत नाही. रंगाचे ते फटकारे हाताचे चित्र कमी आणि हाताची क्रिया अधिक आहेत.