अनुकूलनशील माध्यम-प्रवेश नियंत्रण : एक चिकित्सा

प्रस्तावना

स्थानिक संगणक-जाळ्यात (लॅन) अनेक संगणक एकाच माध्यमातून संदेश पाठवितात. कोणी केव्हा पाठवावे हे ठरविणारा नियम म्हणजे माध्यम-प्रवेश नियंत्रण होय. रहदारीनुसार बदलणाऱ्या नियमास अनुकूलनशील म्हणतात. त्याचे मूल्यमापन बहुधा सरासरी वहनक्षमतेवरून केले जाते. हा निकष अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

चिकित्सा

मेटकाफ व बॉग्ज यांनी १९७६ मध्ये इथरनेटची मांडणी प्रसिद्ध केली. १० एमबीपीएस इथरनेटच्या मानकानुसार टक्कर झाल्यावर प्रत्येक संगणक ५१.२ मायक्रोसेकंदांच्या यादृच्छिक पटीत थांबतो. दर टक्करीगणिक ही कक्षा दहाव्या टक्करीपर्यंत दुप्पट होते. सोळा प्रयत्न फसल्यास संदेश सोडून दिला जातो. मात्र यशस्वी संगणकाची मोजणी शून्यावर येते, पराभूताची वाढलेलीच राहते. परिणामी, दोघांच्या पुढील टक्करीनंतर विजेत्यास आधी संधी मिळण्याची संभाव्यता ५/८, पराभूतास केवळ १/८ असते. उरलेल्या २/८ मध्ये पुन्हा टक्कर होते. सरासरी उत्तम असूनही जो मागे पडला तो अधिकच मागे पडतो.

स्विच व द्विदिश संप्रेषणामुळे तारयुक्त जाळ्यांतून टक्कर जवळपास नाहीशी झाली. परंतु १९९७ च्या वायफाय मानकात हेच तत्त्व नव्या रूपात आले. तेथे टक्कर थेट ओळखता येत नाही. पोच मिळाली नाही, की गर्दी झाली असे मानून प्रतीक्षा वाढविली जाते. वस्तुतः कारण क्षीण संकेत हेही असू शकते. निदान चुकले की अनुकूलनही चुकते.

दीपनगर येथील औष्णिक विद्युत केंद्रासारख्या ठिकाणी, जेथे ५०० मेगावॅटचे संच चालतात, हा प्रश्न केवळ सैद्धांतिक राहत नाही. पोलादी रचनांमुळे रेडिओसंकेत क्षीण होतात आणि बॉयलरच्या दाबाची सूचना सरासरीने नव्हे, ठरलेल्या मुदतीत पोहोचणे आवश्यक असते. आयआयटी मुंबईच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या ‘वायफायआरई’ या ग्रामीण जाळ्याच्या आराखड्याने वायफायचा भौतिक स्तर कायम ठेवून स्पर्धेऐवजी कालविभाजन स्वीकारले, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. कालविभाजनात रिकामे कालखंड वाया जाऊ शकतात. पण प्रतीक्षेला मर्यादा घालता येते.

निष्कर्ष

अनुकूलन हा स्वयंसिद्ध गुण नव्हे. नियम कोणत्या खुणेवरून बदलतो आणि सर्वांत मागे पडलेल्या संगणकास किती काळ थांबवितो, या दोन प्रश्नांची उत्तरे सरासरीसोबत मांडली गेली, तरच अशा पद्धतींची तुलना न्याय्य ठरेल. महाविद्यालयीन अध्यापनातही प्रयोगशाळेतील आलेखांना कमाल विलंबाची जोड देणे अगत्याचे आहे.