राणीचा 'ॲ' आणि वयाचा घोळ

इंग्रजी उच्चार काळाप्रमाणे बदललेत हे पटायला फार खटाटोप लागत नाही. १९५० च्या आसपासचा एखादा ब्रिटिश सिनेमा लावा, कानच सांगतील. पण मुलाखतीत समोरच्याने 'कशावरून?' विचारलं की नुसते कान पुरत नाहीत. म्हणून आज जोनाथन हॅरिंग्टन, सॅलीॲन पॅलेथॉर्प आणि कॅथरीन वॉटसन यांचा निबंध घेऊ. २००० साली 'नेचर'मध्ये आलेला, जेमतेम दोन पानांचा. राणी एलिझाबेथ यांच्या नाताळच्या भाषणांतले स्वर त्यांनी मोजले आणि १९५० च्या दशकाची १९८० च्या दशकाशी तुलना केली.

हे करायची गरज का पडली, ते आधी बघा. भाषेतला बदल अभ्यासायचा तर तीस वर्षं थांबणं कुणाला परवडतं? त्यामुळे विल्यम लबॉव्ह यांच्या १९६३ च्या मार्थाज व्हिनयार्डवरच्या कामापासून एक युक्ती रूढ झाली: आजचे म्हातारे आणि आजचे तरुण यांची तुलना करायची आणि मधला फरक हाच काळाचा बदल मानायचा. यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. माणूस मोठा झाला की त्याचे उच्चार गोठतात. राणीचा अभ्यास नेमका या गृहीतकावर बोट ठेवतो, आणि मला तो आवडतो तो त्यासाठीच.

निष्कर्ष असा, की राणीचे स्वर सरकले. 'हॅट'मधला 'ॲ' पूर्वी 'हेट'कडे झुकायचा, तो पुढे जास्त उघडा झाला. दिशा होती बीबीसीच्या निवेदिका बोलत त्या दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारांची. पण राणी तिथवर पोचली नाही. 'राणीसुद्धा सामान्यांसारखं बोलू लागली' असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. निबंध फक्त 'त्या बाजूला सरकली' एवढंच म्हणतो.

आता खरी अडचण. स्वर मोजायचा म्हणजे फॉर्मंट मोजायचे, म्हणजे तोंडाच्या पोकळीत घुमणाऱ्या वारंवारता. तोंड जास्त उघडलं की पहिला फॉर्मंट वर जातो. पण वयाने घसा आणि स्वरयंत्रही बदलतात. उल्रिच रॉयबोल्ड, हॅरिंग्टन आणि फेलिसिटास क्लेबर यांनी २०१० साली राणी, ॲलिस्टर कुक अशा वक्त्यांची अनेक वर्षांची ध्वनिमुद्रणं तपासली. वयाबरोबर आवाजाची पट्टी आणि पहिला फॉर्मंट साधारणपणे खाली येतो असं त्यात दिसलं. मग राणीचा उच्चार बदलला की राणीचं नुसतं वय झालं?

'ॲ'पुरतं उत्तर सोपं आहे. उघडा 'ॲ' म्हणजे पहिला फॉर्मंट वर, आणि वय तर त्याला खाली ओढतं. म्हणजे वयाच्या विरुद्ध दिशेने बदल झाला, तो वयाच्या माथी मारता येत नाही. 'हॅपी'च्या शेवटच्या स्वराचं मात्र तसं नाही. तो जुना ऱ्हस्व 'इ' सोडून 'ई'कडे जातोय, म्हणजे इथेही पहिला फॉर्मंट खालीच येणार. बदल आणि वय एकाच दिशेला! यावर हॅरिंग्टन यांनी २००६ मध्ये वेगळा निबंध लिहिलाय. तो वाचताना पहिल्या फॉर्मंटच्या आकड्यावर विसंबू नका. दुसरा फॉर्मंट काय म्हणतो ते बघा, आणि ज्या स्वरात बदल अपेक्षितच नाही असा एखादा स्वर तुलनेला घेतलाय का, तेही शोधा.

माझी आणखी एक तक्रार आहे. 'तीच व्यक्ती, तोच प्रसंग' ही या रचनेची ताकद म्हणून सांगितली जाते. व्यक्ती तीच, हे खरं. पण १९५२ चं भाषण रेडिओवर होतं, १९५७ पासून ते टीव्हीवर दिसू लागलं. चेहरा दिसतोय हे माहीत असताना माणूस तसंच बोलतो का? शिवाय हे सगळं लिहून आणलेलं वाचन. नाश्त्याच्या टेबलावर राणी कशी बोलायची, त्याबद्दल हा डेटा गप्प आहे.

आणि व्यक्ती एकच. तरी 'एका माणसावरून काय सिद्ध होतं?' हा आक्षेप इथे मला पोकळ वाटतो. मोठेपणी उच्चार गोठतातच असं कुणी ठामपणे म्हणत असेल, तर त्याला खोडायला एक माणूस पुरतो. किती जण असे सरकतात, हा प्रश्न वेगळा. त्यासाठी एकाच माणसाची तीस-तीस वर्षांची, एकाच धाटणीची ध्वनिमुद्रणं हवीत, आणि ती मिळवताना किती दमछाक होते हे एकदा शोधायला बसलात की कळेलच.