रशियन लांपाडा : अलंकरण आणि प्रयोजन
ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरात पवित्र प्रतिमेसमोर साखळ्यांनी टांगलेला तेलाचा दिवा म्हणजे लांपाडा होय. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात मॉस्कोतील पावेल ओव्चिन्निकोव्ह यांच्यासारख्या रौप्यकारांनी मीनाकामास वैभव प्राप्त करून दिले. धातूच्या तारेच्या कप्प्यांत रंगीत काचेची पूड भरून ती भट्टीत वितळविली जाई. मात्र अशा मीनाकारी लांपाड्यात एक अंतर्विरोध दिसून येतो. दिव्याचे प्रयोजन प्रतिमा उजळविणे हे आहे. अपारदर्शक मीनाकाम मात्र दृष्टी स्वतःकडे वेधते आणि दिसण्यासाठी बाहेरच्या प्रकाशावर अवलंबून राहते. १९२२ मध्ये सोव्हिएत सत्तेने चर्चमधील मौल्यवान वस्तू जप्त केल्या. पुढे अनेक धार्मिक वस्तू परदेशी संग्रहांत गेल्या. संग्रहालयात अलंकरण स्पष्ट दिसते, परंतु ज्योत नसते. म्हणूनच केवळ कारागिरीवरून केलेले लांपाड्याचे मूल्यमापन अपुरे ठरते.